टपरी उठली आणि स्टॉप हरवला

माझा धाकटा भाऊ सत्तावीस वर्षांचा आहे. त्याला वाचता येत नाही, घड्याळ फक्त तासांचं कळतं, पैशात दहा-वीस-पन्नासच्या नोटा रंगावरून ओळखतो. डॉक्टरांच्या कागदावर बौद्धिक अक्षमता लिहिलंय आणि आमच्या गल्लीत लोक अजून मतिमंदच म्हणतात, वाईट हेतूने नाही, तोच शब्द त्यांना माहिती आहे. नाशिकमध्ये सिडकोतून त्रिमूर्ती चौकात बस पकडायची, सीबीएसला म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला उतरायचं, तिथून अशोकस्तंभापर्यंत चालत जायचं आणि मग गंगापूर रोडवर त्याच्या कार्यशाळेत, जिथे तो फाईली आणि कापडी पिशव्या करतो आणि दिवाळीच्या आधी उटण्याची पाकिटं भरतो. एवढा प्रवास तो दीड वर्षापासून एकटा करतोय. आमच्या घरात दहावीला नव्वद टक्के मिळवलेल्यांचं इतकं कौतुक झालं नाही जेवढं ह्याचं झालं.

तर एका मंगळवारी तो घरी आलाच नाही. साडेपाच झाले, सहा झाले. कार्यशाळेत फोन केला तर म्हणे वेळेवर निघालाय. मी अंबडहून कंपनीतून तशीच स्कूटीवर निघाले, आई देवापुढे, बाबा त्रिमूर्ती चौकात. साडेसातला एका अनोळखी माणसाचा फोन आला की शालिमारजवळ एक मुलगा बराच वेळ इकडून तिकडे फिरतोय, गळ्यात कार्ड आहे त्यावर हा नंबर आहे. जाऊन पाहिलं तर भाऊसाहेब शांत. रडलेला नाही, घाबरलेला नाही, फक्त वैतागलेला. आम्ही त्याला शिकवलं होतं की हरवलास तर जिथे आहेस तिथेच थांब आणि कार्ड दाखव. मग थांबला का नाहीस विचारलं तर म्हणाला, "ताई, मी नाही हरवलो. स्टॉप हरवला."

आणि खरंच होतं ते. तो परतीचा स्टॉप पाटीवरून ओळखायचाच नाही, शेजारी एक चहाची टपरी होती निळ्या ताडपत्रीची, त्यावरून ओळखायचा. टपरी म्हणजे स्टॉप. त्या दिवशी टपरी उठली होती. बसथांबा होता तिथेच होता, बसेसही येऊन जात होत्या, खिशात पास होता, पण त्याच्या हिशोबाने ती जागाच नव्हती म्हणून तो ती शोधत शोधत शालिमारपर्यंत गेला.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाही. कारण दिव्यांगांसाठी सार्वजनिक वाहतूक म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं, व्हीलचेअर आणि रॅम्प. रॅम्प हवाच, त्याबद्दल वादच नाही, ज्याला पाय उचलता येत नाही त्याच्यासाठी बसची ती उंच पायरी म्हणजे भिंतच आहे आणि ती भिंत आपण अजून धड पाडलेली नाही. पण माझ्या भावाला पायरी चढता येते की. धावत जाऊन बस पकडेल तो. त्याला अडचण कुठे येते तर बस कोणती हे कळण्यात, रोजचं काहीतरी बदललं तर, कुणी जोरात खेकसलं तर. त्याच्यासाठी रॅम्प म्हणजे ती टपरी होती. आणि असा रॅम्प कुठल्याच टेंडरमध्ये नसतो.

बरं, आपण कुणाबद्दल बोलतोय ते पण सांगते, कारण लोक मानसिक आजार आणि हे एकच समजतात. जन्मापासून किंवा लहानपणापासून मेंदूची वाढ वेगळ्या पद्धतीने झालेली माणसं, म्हणजे बौद्धिक अक्षमता, डाउन सिंड्रोम, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी वगैरे. हा आजार नाही, गोळीने बरा होत नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात मतिमंदत्व होतं पण ऑटिझम नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार झाले आणि ऑटिझम आला. त्याच कायद्याचं कलम ४१ वाहतुकीबद्दल आहे, बसस्टॉप, रेल्वे स्टेशन, तिकीट खिडकी, रस्ते सगळं त्यात आहे, आणि त्याच कलमात पुढे एक ओळ अशी आहे की परवडणाऱ्या खर्चात फिरता यावं म्हणून सरकारने योजना कराव्यात आणि त्यात व्यक्तीला फिरण्यासाठी मदत मिळण्याचाही उल्लेख आहे. मी ती ओळ दोनदा वाचली. मदत, म्हणजे त्यात माणूसही आला! कायद्याला सुचलंय ते.

पण कायद्यातून नियमात येता येता माणूस गळतो आणि लोखंड उरतं. केंद्राने मोटार वाहन नियमात बदल करून १ मार्च २०२० पासून बसमध्ये दिव्यांगांसाठी काय काय हवं ते ठरवलं, राखीव सीट, त्याची चिन्हं, कुबड्या आणि काठ्या अडकवायची सोय, पकडायला दांडे, व्हीलचेअर आत घेऊन लॉक करायची व्यवस्था. चांगलं आहे. पण ह्या यादीत माझ्या भावासाठी काय आहे सांगा. राखीव सीट? त्या सीटवर तो बसला तर चारचौघं विचारतात, काय रे धडधाकट दिसतोस, उठ की. त्याचं अपंगत्व दिसत नाही, हाच त्याचा मोठा गुन्हा.

सवलतींचंही तसंच. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेतही आहे, पण रेल्वेची गंमत बघा, बौद्धिक अक्षम प्रवाशाला सवलत कुठल्या अटीवर, तर तो सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही असं प्रमाणपत्र पाहिजे, मग त्याला आणि सोबत्याला दोघांनाही सवलत. सोबत्याची सोय आहे हे उत्तमच, ते काढू नका बाबा कुणी हे वाचून. पण म्हणजे एकट्याने जायला शिकला तर त्याचं काय? त्या फॉर्ममध्ये त्याला जागाच नाही. आपली सगळी व्यवस्था असं धरूनच चालते की हा माणूस आयुष्यभर कुणाच्या तरी हाताला धरूनच फिरणार, आणि तो हात बहुतेक वेळा आईचा असतो आणि आई म्हातारी होत असते.

अठरा वर्षांपर्यंत तरी बरं असतं. कायद्याने सहा ते अठरा मोफत शिक्षण आहे, शाळा असते, शाळेची व्हॅन असते, ती दारात येते, काका हॉर्न वाजवतात. मग अठरावं लागतं. शाळा संपते, व्हॅन संपते, आणि पालक एकीकडे पालकत्वाचे कागद घेऊन कलेक्टर ऑफिसच्या समितीकडे अर्ज करत असतात आणि दुसरीकडे मुलगा घरात टीव्हीसमोर. माझा भाऊ असा चार वर्षं घरी होता. कार्यशाळेत जागा मिळत होती, पण सोडणार कोण आणणार कोण? बाबा नोकरीवर, मी नोकरीवर, आईचे गुडघे गेलेले. खाजगी व्हॅन सिडकोतून गंगापूर रोडला एकट्यासाठी यायला तयार नव्हती, जी होती तिचा महिन्याचा आकडा ऐकून बाबा नुसते हसले. त्याला कार्यशाळेत जे विद्यावेतन मिळतं ते सांगितलं तर तुम्हीपण हसाल. चार वर्षांत त्याचं वजन वाढलं, बोलणं कमी झालं, शाळेत शिकलेल्या निम्म्या गोष्टी विसरला. नुसती जायची सोय नाही म्हणून. जे कमावलं होतं ते गेलं आणि ह्याची नोंद कुठेच होत नाही, कारण घरी बसलेला माणूस कुठल्याच बसच्या प्रवासीसंख्येत येत नाही. मग अधिकारी म्हणतात मागणी कुठे आहे. अहो जो बसपर्यंत पोचलाच नाही तो मागणार कुठून?

शेवटी आम्ही ठरवलं की शिकवायचं. ते कसं शिकवलं ते जरा सविस्तर सांगते कारण लेखाचा मुद्दा त्यातच आहे.

त्याच्या जुन्या शाळेतल्या एका बाईंनी रीत सांगितली. आधी प्रवासाचे तुकडे करायचे. आमचे सव्वीस झाले. घराला कडी, जिना, डावीकडे, मेडिकल, रस्ता क्रॉस, स्टॉप, हात दाखवणं, चढणं, पास दाखवणं, बसणं, मग खिडकीतून उंटवाडी, सिटी सेंटर मॉल, मायको सर्कल अशा खुणा, सीबीएस आलं की उठणं. प्रत्येक तुकड्याचा फोटो काढून छोटी वही केली. पहिला पंधरवडा मी शेजारी बसून, हात धरून. मग शेजारी पण हात न धरता. मग मागच्या सीटवर. मग त्याच बसमध्ये पण तोंड फिरवून. मग तो बसमध्ये आणि मी स्कूटीवर बसच्या मागे, हेल्मेट घालून, म्हणजे त्याला दिसू नये (त्याला दिसायचं, तो मागच्या काचेतून मला टाटा करायचा). शेवटचा पंधरवडा मी फक्त सीबीएसला उभी. अडीच महिने लागले आणि माझ्या जवळजवळ सगळ्या रजा गेल्या. आणि नुसतं सुरळीत जायला शिकवून चालत नाही, बिघडलं तर काय हे जास्त शिकवावं लागतं. बस आली नाही तर? चुकीच्या बसमध्ये चढलास तर? कुणी चल म्हणून हात धरला तर? हे सगळं आम्ही घरात खुर्च्या मांडून खेळलो, बाबा कंडक्टर, आई चुकीची बस.

परदेशात ह्याला रीतसर नोकरी आहे. प्रवास शिकवणारे प्रशिक्षक असतात, अमेरिकेत आहेत, लंडनची वाहतूक संस्थाही असे सोबती पुरवते, पहिल्या काही फेऱ्या बरोबर येतात आणि मग बाजूला होतात. आपल्याकडे ही नोकरी घरातल्या मोठ्या बहिणीला असते, बिनपगारी. आणि ज्यांच्या घरात स्कूटीवाली बहीण नाही त्यांचं काय, तर टीव्ही.

दुसरी गोष्ट मला शिकवता शिकवता कळली. सुरुवातीचे चार-पाच महिने सकाळच्या फेरीला एकच कंडक्टर असायचे. मास्तर म्हणायचा भाऊ त्यांना. पहिल्या आठवड्यात मी त्यांना सांगितलं होतं, बास, पुढे काही सांगावं लागलं नाही. सीबीएस यायच्या आधी ते त्याच्या सीटच्या दांड्यावर तिकिटाच्या मशीनने टक टक करायचे. बोलायचे नाहीत, नुसतं टक टक. आता सांगा ह्या टक टक ला किती खर्च आला? शून्य. पण ही गोष्ट कुठल्या रॅम्पने होत नाही. मग एक दिवस मास्तर बदलले. नवीन आले, मग आणखी नवीन. वाईट कुणीच नव्हतं, पण ओळख व्हायच्या आत माणूस बदलतो.

ते का बदलतात हे पण समजून घेतलं पाहिजे. आपली शहर बससेवा आधी एसटी चालवायची, ८ जुलै २०२१ पासून सिटीलिंक आली, महापालिकेच्या परिवहन कंपनीची. ह्यात बसेस ठेकेदारांच्या, गाडी किती किलोमीटर धावली त्यावर पैसे, आणि वाहक वेगळ्या ठेक्यातून. ही पद्धत देशभर बऱ्याच शहरांत आहे, तिचे फायदे पण आहेत, बसेस नव्या दिसतात, जीपीएस आहे, मोबाईलवर बस कुठे आहे दिसतं. पण ज्या गोष्टीचे पैसे किलोमीटरवर मिळतात त्यात किलोमीटर हेच देव होतात. स्टॉपवर वीस सेकंद जास्त थांबायचे पैसे कुणालाच नाहीत. ओळखीच्या प्रवाशाला टक टक करायचे तर अजिबातच नाहीत. आणि ठेक्यावरच्या वाहकांचे पगार थकले म्हणून काम बंद झालं, बसेस डेपोत उभ्या राहिल्या, असं गेल्या काही वर्षांत एकदा नाही अनेकदा पेपरात वाचलंय आपण. बाकीचे लोक वैतागतात, रिक्षा करतात, विषय संपतो. ऑटिझम असलेला एखादा मुलगा मात्र त्या स्टॉपवर उभाच राहतो कारण त्याच्यासाठी आठ दहाची बस म्हणजे सूर्य उगवण्यासारखी गोष्ट आहे, ती येतेच, आणि ती न येणं म्हणजे जगात काहीतरी भयंकर बिघडलंय. मग तो ओरडतो, डोक्यावर हात मारून घेतो, आणि बघणारे म्हणतात अशांना बाहेर का पाठवतात. म्हणून माझं म्हणणं असं की वाहकांचा पगार वेळेवर होणं हा दिव्यांगांच्या सोयीचा प्रश्न आहे. युनियनचा आहेच, पण हा पण आहे. ठेक्यात लिहा ना की एका मार्गावर वाहक किमान सहा महिने राहील, प्रशिक्षणाचे दोन दिवस लिहा आणि ते प्रशिक्षण पीपीटी दाखवून नको, आमच्या पोरांनाच बोलवा, त्यांच्याबरोबर एक फेरी मारा.

आता खुणांचं. मला कुणी म्हणालं की तुझ्या भावाने टपरीऐवजी पाटी ओळखायला शिकायला हवं होतं. बरोबर आहे. पण पाट्या बघितल्यात का आपल्या? अक्षरं आणि आकडे, काहींवर जाहिरात, काहींवर शुभेच्छुक. ज्याला वाचता येत नाही त्याने काय बघायचं. आणि हा प्रश्न ह्या देशाने एकदा सोडवलेला आहे हो! १९५१-५२ ला पहिली निवडणूक झाली तेव्हा शंभरात अठरा लोकांना वाचता येत होतं, मग काय केलं, चिन्हं दिली. बैलजोडी, झोपडी, वगैरे. मतदार निरक्षर आहे म्हणून मतदान रद्द केलं नाही, मतपेटीच बदलली. मेक्सिको सिटीत १९६९ ला मेट्रो सुरू झाली तेव्हा प्रत्येक स्टेशनला एक चित्र दिलं, टोळ, घंटा, बदक, वाचता न येणाऱ्याने चित्रं मोजावीत. मग नाशिकला काय अवघड आहे, द्राक्ष आहे, पैठणीचा मोर आहे, तोफखाना आहे, पांडवलेणी आहेत, चित्रांना तोटा नाही. मुख्य मार्गांना एकेक रंग आणि मोठ्या स्टॉपना एकेक चित्र, बसच्या पुढे तेच, स्टॉपवर तेच, पासवर पण तेच. टपरी उठेल, द्राक्ष उठणार नाही.

"इतक्या थोड्या लोकांसाठी एवढं?" हे वाक्य येणारच, आलंय पण. थोडे कुठे, आधी ते बघा. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमता म्हणून देशात पंधरा लाखांवर माणसं नोंदली गेली, आणि तेव्हा ऑटिझमचा वेगळा रकाना पण नव्हता, शिवाय घरात असं मूल आहे हे जनगणनेला दारात आलेल्या शाळामास्तरांना सगळे सांगतात असं तुम्हाला वाटतं का? पण आकड्यांचं सोडा. सिंहस्थ तोंडावर आलाय. २०२७ ला नाशकात जे लाखो लोक येणार आहेत त्यातल्या किती जणांना मराठी पाटी वाचता येणार आहे? बिहारची आजी, राजस्थानचा शेतकरी, तेलुगू बोलणारं अख्खं कुटुंब, रामकुंडाला जायची बस कुठली आणि परत वाहनतळाला कुठली हे त्यांना कसं कळणार? दर कुंभात हरवले-सापडलेचा भोंगा दिवसरात्र चालू असतो. जी चित्रं माझ्या भावाला हवीत तीच त्या आजीला हवीत. फरक एवढाच की आजीसाठी आपण काही महिने करू आणि मग काढून टाकू. काढू नका, एवढंच मागणं आहे. बजेट तेच, बोर्ड तेच, फक्त पक्क्या खिळ्यांनी ठोका.

आणि सिंहस्थाच्या कामांचं दुसरं टोक म्हणजे खोदकाम. रस्ता खोदला, मार्ग वळवला, स्टॉप पन्नास मीटर पुढे गेला, हे आपल्याला रोजचं झालंय. गंगेला म्हणजे आमच्या गोदावरीला पूर आला की पंचवटीकडचं सगळं बदलतं, बुधवारच्या बाजाराला तर दर आठवड्याला बदलतं. हे टळणार नाही, कबूल. पण दोन दिवस आधी कळलं तर आम्ही घरी वहीत नवा फोटो चिकटवून तयारी करू शकतो. शहरातल्या विशेष शाळा आणि कार्यशाळा काही शेकड्यांनी नाहीत, एक व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो. मार्ग बदलतोय, अमुक तारखेपासून, एवढा एक मेसेज. ह्याला स्मार्ट सिटी लागत नाही.

आता दुसरी बाजू, जी मला आमच्याच पालकांच्या बैठकीत ऐकायला मिळते आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. पालक म्हणतात बसबिस राहू दे, महापालिकेने आमच्या मुलांसाठी वेगळ्या व्हॅन द्याव्यात, दारातून दारात. विशेषतः मुलींच्या आया. एक आई मला म्हणाली, "तुझा भाऊ आहे गं, माझी मुलगी आहे." ह्याच्यावर मी गप्प बसले आणि अजूनही माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जी मुलगी नको म्हणायला शिकलेली नाही, जिला कुणी चल म्हटलं की चालायला लागते, तिला गर्दीच्या शेअर रिक्षात एकटी बसव असं मी कुणाला सांगणार नाही. ज्यांना फिट येतात, ज्यांना अजिबात एकटं सोडता येत नाही, त्यांच्यासाठी व्हॅन पाहिजेच पाहिजे, आणि ती दोन-तीन कार्यशाळांनी मिळून वापरली तर खर्चही बसतो.

पण सगळ्यांना व्हॅन हे उत्तर मला पटत नाही. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने अशी वेगळी सेवा सक्तीची केली, जिथून नेहमीची बस जाते त्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैलांपर्यंत, भाडं नेहमीच्या तिकिटाच्या दुपटीपेक्षा जास्त नाही. कागदावर स्वप्नच. पण तिथले लोकही तक्रार करतात की आदल्या दिवशी बुकिंग करा, गाडी येईपर्यंत ताटकळा, वाटेत चार जणांना घेत घेत जा, आणि चालवणाऱ्या संस्थेला एकेका फेरीचा खर्च नेहमीच्या बसच्या कितीतरी पट. म्हणून तिथेसुद्धा ज्याला जमेल त्याला साधी बस शिकवण्यावर जोर आला. आणि खर्चापलीकडची एक गोष्ट आहे. व्हॅनमध्ये माझ्या भावाला फक्त व्हॅनवाले काका ओळखतील. बसमुळे त्याला आज मेडिकलवाला ओळखतो, उंटवाडीला चढणाऱ्या दोन नर्स ओळखतात, अशोकस्तंभाजवळचा फुलवाला ओळखतो. त्या मंगळवारी शालिमारला ज्याने फोन केला त्याने गळ्यातलं कार्ड वाचलं म्हणून केला, पण असं फिरणारं माणूस त्याने आधी पाहिलेलं होतं, त्याच्या चुलत्याचा मुलगा तसा आहे म्हणाला. ज्या शहराला अशी माणसं रस्त्यावर बघायची सवय नाही त्या शहरात ती सुरक्षितही नसतात. सवय लागायला ती आधी दिसली पाहिजेत.

शेअर रिक्षावर फार लिहीत नाही, सगळ्यांना माहिती आहे. नाशिकची निम्मी वाहतूक त्यावर चालते असं वाटावं इतक्या आहेत, आणि खरं सांगायचं तर आमच्या पोरांशी सगळ्यात प्रेमाने वागणारे आणि सगळ्यात बेफिकीर वागणारे दोन्ही लोक मला रिक्षातच भेटलेत. एकाने भावाला मधेच उतरवलं कारण तो मोठ्याने गुणगुणत होता आणि बाकीच्या सवाऱ्या कुरकुरल्या. दुसरा रोज आईला विचारतो पोरगा कसा आहे. स्टँडनिहाय दोन-चार चालकांना शिकवून, ओळखपत्र देऊन, पालकांशी जोडून दिलं तर शेवटच्या अर्ध्या किलोमीटरचा प्रश्न सुटतो. एवढंच.

पैशाचं काय, हा प्रश्न रास्त आहे. महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. त्यातून अर्थसाह्य द्यावं, साधनं द्यावीत, त्याला माझा अजिबात विरोध नाही, त्या पैशाकडे डोळे लावून बसलेली घरं मी पाहिलीत. पण त्यातून पाच, फक्त पाच प्रवास-शिक्षक नेमून बघा. मला अडीच महिने लागले, सराव असलेल्या माणसाला कमी लागतील. वर्षाला एकेकाने चार-पाच जणांना जरी बस शिकवली तरी वीस-पंचवीस माणसं घराबाहेर पडली, वीस-पंचवीस आया दुपारी मोकळ्या झाल्या. ह्यात यंत्र नाही, उद्घाटनाची फीत नाही, फोटो काढायला काही नाही, आणि मला वाटतं अडचण तिथेच आहे. बसला हिरवा झेंडा दाखवता येतो, माणूस नेमला तर झेंडा कशाला दाखवणार?

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीसारखे चालणार नाहीत, सक्तीचे हवेत, असं केंद्राला सांगितलं. आनंद झाला वाचून. पण ते सक्तीचे नियम लिहिताना टेबलाभोवती कोण असेल ह्याची मला काळजी आहे, कारण आमच्या लोकांना स्वतःहून निवेदन देता येत नाही, आणि त्यांच्या वतीने बोलणारे पालक थकलेले असतात. तसं ह्या शहराला कुणी आधी रस्ता दाखवला नव्हता असं नाही. रजनीताई लिमये यांनी नाशकात प्रबोधिनीची शाळा १९७७ ला सुरू केली तेव्हा १९९५ चा कायदासुद्धा नव्हता, मतिमंद मुलाला शाळेत घालतात हेच लोकांना नवीन होतं. शाळा कायद्याची वाट बघत बसली नाही. बस का बघतेय मग?

टपरीनंतर आम्ही पंधरा दिवस त्याला पाठवलं नाही, आई नकोच म्हणत होती. मग तोच हट्टाला पेटला, पिशवी भरून दारात उभा राहायचा. परत मी मागच्या सीटवर, परत सीबीएस. त्या जागी आता उसाच्या रसाची गाडी लागते, पण ती पावसाळ्यात नसणार म्हणून आम्ही तिच्यावर विसंबायचं नाही असं ठरवलं आणि त्याला समोरच्या इमारतीचा लाल जिना दाखवला. जिना तरी उठत नाही. आता म्हणतात त्या बाजूला पण कुंभाची कामं निघणार आहेत. ह्या वर्षीच्या माझ्या नऊ सीएल शिल्लक आहेत, कंपनीत सगळ्यांना सांगून ठेवलंय की लग्नाला, बारशाला मला बोलवू नका, त्या मी काढणार नाही.